कुणासाठी बघायचंय, ते आधी सांगा

तात्या परक्या घरात गेले की सगळ्यात आधी मोरी विचारायचे. बैठकीत सतरंजी अंथरलेली असे, यजमान हात जोडून उभे असत आणि आमचे तात्या चपला काढता काढता म्हणत, "जरा पाय धुतो. मोरी कुटं हाय?" यजमान "अहो, इथंच देतो की पाणी" म्हणत मागे धावत, पण तोवर तात्या माजघर ओलांडून परसात पोचलेले असत. पाय धुऊन येईपर्यंत त्यांचं निम्मं काम झालेलं असे. पाण्याची घागर झाकलेली आहे का, सुनेची साडी दोरीवर कुठे वाळतेय, म्हातारीची खाट उजेडात आहे की अडगळीत, हे सगळं बघून झालेलं असे. पोह्यांची बशी नंतर.

हे माझे थोरले चुलते. जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते, त्यातली बरीचशी वर्षं सोलापूर-बार्शी रस्त्यावर. वैरागच्या बाजारात उतरणारी बाई कुठल्या घरची आणि तिची सासू कशी, हे त्यांना तिकीट फाडता फाडता कळलेलं असे. त्यामुळे भावकीतल्या कुठल्याही मुलीचं स्थळ आलं की आधी तात्यांना पाठवायचं, हा आमच्याकडे रिवाजच होता. तात्या जायचे, पण निघण्यापूर्वी एक प्रश्न ठरलेला. "कुणासाठी बघायचंय, ते आधी सांगा. स्थळ काय नुसतं चांगलं-वाईट नसतंय. आपली पोरगी कोण, ते ठावं पायजे."

बार्शीचं एक मोठं घर त्यांनी माझ्यासाठी नापसंत केलं. माझी आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. गाडी काय, बागायत काय, सगळं होतं. तात्या म्हणाले, "त्या घरात दिवसभर कुणी बोलत न्हाय. शैलीला तितं दिली तर सा म्हैन्यात मुकी हुईल." आणि पुढच्याच वर्षी तेच घर त्यांनी माझ्या चुलतबहिणीसाठी, सुनंदासाठी पसंत केलं. सुनंदा जात्याच अबोल. ती त्या घरात इतकी सुखात आहे की माहेरी आली की चौथ्या दिवशी कंटाळते. मला त्यांनी सोलापुरात चाळीतल्या दोन खोल्यांत दिलं. तिथे सासू-सासरे, दोन दीर आणि सगळे एकाच वेळी बोलणारे. माझं काही वाईट झालं नाही.

पसंती द्यायची त्यांची एक रीत होती. सदऱ्याच्या खिशात कागदाच्या पुडीत खडीसाखर असे. घर पटलं तर उठताना पुडी सोडायची आणि एक खडा यजमानाच्या तळहातावर ठेवायचा. नाही पटलं तर पुडी खिशातच. "साखर दिली म्हंजे जबान दिली," असं ते म्हणत. खडा दिल्यानंतर दुसरीकडून राजवाडा चालून आला तरी तात्या ढिम्म हलत नसत. त्यांच्या या हट्टापायी एकदोनदा भावकीत भांडणंही झाली, पण साखर परत घेतलेली कुणी बघितली नाही.

दुसरी एक रीत मात्र मला मुळीच आवडायची नाही. घर पसंत पडेपर्यंत मुलीला काही सांगायचं नाही. "उगं तिच्या जिवाला घोर कशाला? न्हाय जमलं तर मनाला लागतंय." मी एकदा तोंडावर बोलले, "तात्या, जिनं तिथं राहायचं तिलाच पत्ता नाही, हा कुठला न्याय?" त्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "तुजं खरं हाय. पर मी बघतो तवा तिच्याच डोळ्यानं बघतो की गं." आणि ते बघायचे, हे मला कबूल करावंच लागतं.

लग्न होऊन महिना झाला की तात्या मुलीच्या सासरी डोकावून यायचे. चहा घ्यायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे, घरच्यांसमोर मुलीला काही विचारायचे नाहीत. निघताना तिला फाटकापर्यंत घेऊन यायचे आणि हळूच म्हणायचे, "येतीस का?" मला विचारलं तेव्हा मी हसले. "कशाला येऊ?" मी म्हणाले. तेही हसले. पण माझी धाकटी चुलतबहीण रंजना हसली नाही. ती उलट्या पावली आत गेली, चपला घालून आली आणि तात्यांच्या मागून चालायला लागली. तात्यांनी तिला वाटेत काहीसुद्धा विचारलं नाही. घरी आल्यावर आजीला एवढंच म्हणाले, "माजं बघायचं चुकलं. पोरीला जेवाय वाढ."

अशा माणसाला त्याच्या पोटच्या मुलानं ज्या पद्धतीनं फसवलं ते मी आता सांगणार आहे. मला त्याचा राग आहे आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

काकू गेल्यावर तात्या सोलापूरच्या घरात एकटे राहत. विजय, त्यांचा एकुलता एक, पुण्यात कंपनीत. मी दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे येता-जाता डोकावत असे. घर कधी रिकामं नसायचंच. कुणी मुलीचा फोटो घेऊन आलेला, कुणी जुना ड्रायव्हर पेपर वाचत बसलेला. तात्या एकदा जिन्यात पडले, एकदा गॅसवर दूध विसरले. विजयची काळजी खोटी होती असं मी म्हणत नाही. पुण्याला नेऊन बघितलं होतं त्यानं. पण सातव्या मजल्यावर तात्या आठ दिवसांत इतके गप्प झाले की सूनबाईच म्हणाली, यांना परत पोचवा.

मग एका रविवारी विजय सोलापूरला आला. मी तिथेच होते. म्हणाला, "तात्या, आक्काआत्याचं आता वय झालं. वैरागला मळ्यात एकटी राहते. तिच्यासाठी एखादा चांगला वृद्धाश्रम बघावा म्हणतो. पण तुम्ही बघितल्याशिवाय कसं ठरवायचं?"

आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण, त्यांना 'नामा' म्हणणारी आता ती एकटीच उरलेली. मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेलेला. माणसं तिला सोसत नाहीत. कुणी घरी आलं तर बोलता बोलता उठून शेतात निघून जाते. तात्यांचा तिच्यावर फार जीव. ते लगेच म्हणाले, "तिला इचारलंस?" विजय म्हणाला, "आधी जागा तर बघू. नाही पटली तर उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?" तात्यांचं वाक्य त्यानं तात्यांनाच ऐकवलं. ते मान डोलावून म्हणाले, "हां. हे बरोबर हाय." मला म्हणाले, "शैले, तूबी चल. बाईमाणूस संगं असावं बघायला." मीही गेले. मलाही खरंच वाटलं होतं.

पहिली जागा शहरातच होती, बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या व्यवस्थापक बाई माहितीपत्रक घेऊन पुढे आल्या, तर तात्या म्हणाले, "मोरी कुटं हाय?" मागे जाऊन आले. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का ते स्वतः धरून बघितलं. स्वयंपाकिणीला विचारलं, "काल रातच्याला काय केलं हुतं?" एका अंथरुणावरच्या म्हाताऱ्याजवळ बसले, त्याचा हात हातात घेतला आणि बोलता बोलता त्याची नखं बघितली. मग खुर्ची ओढून कोपऱ्यात बसून राहिले. तिथे चौघे म्हातारे पत्ते खेळत होते आणि पानावरून जोरात भांडत होते. अर्ध्या तासानं तात्या त्या भांडणात होते. नंतर गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली गाड्या सुटत होत्या. "ती अक्कलकोट. ती मंगळवेढा. तिला उशीर झालाय आज." मी दोनदा हाक मारली तरी आत येईनात.

निघताना पुडी खिशातच राहिली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "जागा झ्याक हाय. माणसं मायाळू हैत. पर आक्काला न्हाय चालायची. लई गलका." आणि स्वतःशीच हसत म्हणाले, "माज्यासाठी असतं तर आजच वळकटी टाकली असती बघ."

विजय गाडी चालवत होता. त्यानं ते ऐकलं. मी शेजारी होते, मला माहीत आहे त्यानं ऐकलं. त्यानं फक्त गिअर बदलला.

दुसरी जागा वळसंगच्याही पुढे, हमरस्त्यापासून बरीच आत. चारी बाजूंना तुरीची रानं, कडुनिंबाची चार झाडं आणि बैठ्या खोल्यांची ओळ. एस.टी. तिथवर येत नाही. आत टीव्ही नाही, म्हातारी माणसं आपापल्या दारात बसलेली. तात्यांनी इथेही सगळं बघितलं. मोरी, पाणी, नखं, रात्रीचं जेवण. एक कानडी बोलणारी सेविका होती, निंगव्वा. तिनं एका लकवा झालेल्या आजींना विचारलं, आधी चहा की आधी अंघोळ. आजींच्या तोंडून शब्द फुटायला खूप वेळ लागला. निंगव्वा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघितलंस का? इचारत्यात सगळेच. जबाबासाठी थांबतंय कोण, ते बघायचं."

मग बराच वेळ कडुनिंबाखाली बसून राहिले. मला म्हणाले, "हितं चिटपाखरू फिरकत न्हाय. कुणी येत न्हाय, कुणी जात न्हाय. मला दोन दिस काढवणार न्हायत. पर आक्का हितं लई खूश ऱ्हाईल. तिला असंच पायजे." व्यवस्थापक निरोप द्यायला आले तेव्हा तात्यांनी पुडी सोडली आणि त्यांच्या तळहातावर खडा ठेवला. त्या सद्गृहस्थांना काय कळणार? त्यांनी तो तोंडात टाकला आणि आभार मानले.

पंधरवड्यानं आक्काला सोडायला जायचं ठरलं. आक्का कबूल झालीय, वैरागहून तिला दुसऱ्या गाडीनं परस्पर आणतोय, असं विजयनं सांगितलं. तात्यांनी ठेवणीतलं धोतर नेसलं, फेटा बांधला. मुलीची पाठवणी असली की बांधायचे तसा. आक्कासाठी म्हणून माझ्याकडून शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या बांधून घेतल्या. वाटेत मला दोनदा सांगितलं, "तिच्याम्होरं डोळ्यात पाणी आणू नगंस."

आम्ही पोचलो. दुसरी गाडी नव्हती. तात्या फाटकाकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात आश्रमातला एक माणूस आला, त्यानं डिकी उघडली आणि तात्यांची जुनी ट्रंक बाहेर काढली. त्यांचं नाव रंगवलेली, नोकरीतली. विजयनं ती आमच्या नकळत गाडीत कधी चढवली कुणास ठाऊक. वर त्यांचीच सोलापुरी चादर घडी करून ठेवलेली. व्यवस्थापक हसतमुखानं म्हणाले, "या तात्या. तुमची खोली कडुनिंबाजवळची ठेवलीय. मागच्या खेपेला तिथं बसला होता ना तुम्ही?"

मी विजयला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. मोठ्यानं बोलले एवढं खरं. तात्या म्हणाले, "शैले, गप. परक्याच्या दारात आवाज नगं." मग विजयकडे वळले. मला वाटलं आता थोबाडीत देतील. ते म्हणाले, "मी कुणासाठी बघितलं रे?"

विजय म्हणाला, "तात्या, सरळ सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता. आणि जागा तुम्हीच पसंत केलीय ना? तुमच्यापेक्षा चांगलं कोण बघणार?"

"ते न्हाय इचारलं. आधी सांगायचं हुतंस. मी येगळं बघितलं असतं."

"मग ती स्टँडजवळची घेऊ या," मी म्हणाले. "आत्ता चला. नाहीतर माझ्याकडे चला." तात्यांनी मान हलवली. "तुज्या दोन खोल्यांत सासूची खाट कुटं हाय ते मला ठावं हाय. आन् हितं मी साखर दिलीय." मी म्हणाले, साखर आक्कासाठी दिली होती, फसवून घेतलेली पसंती कसली पाळायची? ते म्हणाले, "मी फसलो. ह्या माणसाची त्यात काय चूक? त्यानं खडा तोंडात घातलाय." आणि फेटा सावरून आत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मोरी विचारली नाही.

महिन्याभरानं मी भेटायला गेले. जागेला नाव ठेवायला कुठेच जागा नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. कपडे स्वच्छ, नखं कापलेली, जेवण वेळेवर. निंगव्वा त्यांना विचारायची आणि जबाबासाठी थांबायची, फक्त तात्यांना आता द्यायला जबाब नसे. स्थळं विचारायला इतक्या लांब कोण येणार? त्यांनी मला एकच विचारलं, बार्शीची सकाळची पहिली गाडी वेळेवर सुटते का. मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आले. मी सगळं धैर्य गोळा करून त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "तात्या, येताय का?"

त्यांनी पायातल्या चपलांकडे बघितलं. चपला घातलेल्याच होत्या. म्हणाले, "घर उघडं हाय का?"

"विजयनं भाडेकरू ठेवलेत."

"मग कुटं येऊ? रंजीला आणलं तवा आय हुती घरात, जेवाय वाढणारी." आणि मला ऊन होईल, लवकर नीघ, असं म्हणून परत फिरले.

विजयशी मी फोनवर भांडले. म्हणाले, निदान त्या पहिल्या जागी तरी हलव त्यांना. तिथं गॅलरी आहे, पत्ते आहेत, माणसं आहेत. तर हा शिकलेला माणूस मला म्हणतो, "पण ती तर तात्यांनीच नापसंत केली ना?" मी फोन ठेवला. काही प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे विचारणाऱ्याचा मान ठेवणं होतं.

तात्या पावसाळा संपता संपता गेले. काही मोठं दुखणं नव्हतं. निंगव्वा म्हणाली, बोलणं बंद झालं, मग जेवण कमी झालं, मग एक दिवस चहा की अंघोळ विचारलं आणि ती उभीच राहिली. बार्शीच्या घरावरून ते माझ्याविषयी जे बोलले होते ते त्यांच्या बाबतीत खरं झालं. सहा महिनेही लागले नाहीत.

तेराव्याला विजयनं हॉल घेतला होता. माणसं लोटली होती. कितीतरी बायका, ज्यांची घरं तात्यांनी बघून दिली होती, लेकरा-नातवंडांना घेऊन आल्या होत्या. रंजना आली होती. विजय प्रत्येकाला सांगत होता, "जागा अगदी उत्तम होती हो. तात्यांनी स्वतः जाऊन पसंत केली होती." दोनदा ऐकलं, तीनदा ऐकलं. चौथ्यांदा मी पंगतीतून उठले आणि म्हणाले, "कुणासाठी पसंत केली होती, तेही सांग की."

विजय पुढच्या पाहुण्याकडे वळला. म्हणून मग मीच सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, साखरेसकट.

आक्का दाराशी, सगळ्यांपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचं नाव कुणी, कशासाठी वापरलं, हे ती पहिल्यांदा ऐकत होती. मला वाटलं ती नेहमीसारखी उठून निघून जाईल. पण ती बसून राहिली. मग तिनं मला विचारलं, "तितं गलका हाय का?"

"नाही."

"माणसं येत्यात का उठसूट?"

"कुणी येत नाही, आक्का. तुरीचं रान आहे चारी बाजूला."

आक्कानं पदरानं तोंड पुसलं. "मग मलाच ठेवायचं हुतं की तितं," ती म्हणाली. "मी ऱ्हायले असते. नामानं माज्यासाठी बरोबर बघितलं हुतं."

विजय वाढप्यांना भात आणा म्हणून सांगायला आत गेला.